पापडाएवढा लॅपटॉप

८ जानेवारी २००७, सोमवार

ठरलं. लॅपटॉप घ्यायचा.

गेल्या आठवड्यात चंद्रपूरला मच्छीमार संस्थांच्या सचिवांचं प्रशिक्षण झालं. हैदराबादहून आलेल्या तज्ज्ञांनी खांद्यावरच्या पिशवीतून लॅपटॉप काढला, जशी डब्यातून पोळी काढावी. पातळ. दोन बोटांत धरलेला. बाकीचे सचिव माशांची बोटुकली, खाद्य, अनुदान असलं काहीतरी ऐकत होते. मी फक्त त्या पिशवीकडे पाहत होतो. तज्ज्ञ काय बोलले ते लिहून घेतलं नाही. ज्याच्याकडे लॅपटॉप असतो त्याला लिहून घ्यावं लागत नाही.

मी प्रफुल, बी.कॉम., चिखलबोडी मच्छीमार सहकारी संस्थेचा सचिव. तालुक्यात एकाही सचिवाकडे लॅपटॉप नाही. एकाकडे टेबलफॅन आहे, तर तो किती मिरवतो.

१२ जानेवारी

लॅपटॉपच्या अटी नक्की केल्या. पहिली, हलका. दुसरी, हलका. बाकीच्या अटी लॅपटॉप आल्यावर त्यातच टाईप करीन.

बायकोला, रिंकूला, समजावून सांगितलं की रोज घर ते ऑफिस न्यायचा असल्यामुळे वजन हाच मुख्य मुद्दा आहे. ती भाकरी थापत म्हणाली, "घर ते ऑफिस? मी चुलीजवळून हाक मारली तं तुमी तिथून ओ देता." मधे पत्रूचं किराणा दुकान आणि हातपंप लागतो हे ती विसरते. शिवाय प्रश्न अंतराचा नाहीच. रोजचा आहे.

१५ जानेवारी

जिल्ह्याच्या ऑफिसातून पत्र आलं. तलावाचा ठेका जूनअखेर संपतो, संस्थेनं आजवर काय काम केलं ते लेखी कळवा, नाहीतर ठेका पुढे मिळेलच असं नाही, वगैरे.

इस्तारीमामा लगेच आले. संस्थेचे अध्यक्ष आणि माझे सख्खे मामा. वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा कधीच सापडत नाही, म्हणून पत्र मीच वाचून दाखवलं. म्हणाले, "प्रफुल, आजच लिहून धाडून दे बाबू. साऱ्या मोहल्ल्याचं पोट हाय त्या तलावात."

मी म्हटलं, मामा, हातानं लिहिलेल्या कागदाला आजकाल कुत्रं विचारत नाही. लॅपटॉप येऊ द्या, असं टाईप करून पाठवतो की साहेब फ्रेम करून भिंतीला लावतील. मामांनी विचारलं, "कवा येते थो?" म्हटलं, निवड चालू आहे.

पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. सुरक्षित.

२३ जानेवारी, चंद्रपूर

मोपेड तालुक्याला, मूलच्या एसटी स्टँडवर लावली, सकाळची गाडी पकडली. जटपुरा गेटजवळ मुश्ताकभाईंचं दुकान. आधी रेडिओ विकत, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर. बोर्डवर तिन्ही आहेत, काहीच खोडलेलं नाही.

पहिला लॅपटॉप उचलला आणि ठेवला. जवळपास तीन किलो. हे काय वय आहे का ओझी वाहायचं? दुसरा उचलला. मुश्ताकभाई स्पीड सांगत होते, मेमरी सांगत होते, वॉरंटी सांगत होते. मी विचारलं, वजन? तिसरा डोळे मिटून उचलला. म्हटलं, शेजारच्या सोनाराकडून काटा आणता येईल का? मुश्ताकभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "भाऊ, तुमाले लॅपटॉप पाह्यजे का पापड?"

विनोदी माणूस. धंद्याचं ज्ञान मात्र कमी.

किलोभराच्या आसपासचा असेल तरच बोला म्हणून स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, तसा माल इथी येत नाई, हैदराबादेत जुने जपानी येतात, आणून देईन, पण त्याच्यावर करणार काय? म्हटलं, न्यायचा आहे. "कुठी?" म्हटलं, रोज.

यावर त्यांनी वहीत ऑर्डर लिहून घेतली. पटलं असावं.

५ फेब्रुवारी

घाईनं निर्णय घेणारा माणूस मी नाही. आधी सराव. पत्रूकडून किलोभर तूरडाळ घेतली, खांद्याच्या पिशवीत टाकली आणि दिवसभर वावरलो. घर, ऑफिस, तलावाची पाळ, परत घर. उत्तम. मन प्रसन्न. उद्या दोन किलो.

६ फेब्रुवारी

दोन किलो. हातपंपापाशी खांदा बोलायला लागला. निष्कर्ष पक्का झाला, एक किलोच्या वर जायचं नाही. परदेशात यासाठी मोठमोठ्या कंपन्या अभ्यास करतात. मी डाळीवर केला.

९ फेब्रुवारी

प्रयोग थांबवला. गावात असा समज झाला आहे की मी पत्रूच्या दुकानातला माल घरपोच देतो. आज दोघींनी अडवून विचारलं, तेल नाई आणलं का? पत्रूनं खुलासा करायला पाहिजे होता. तो म्हणाला, धंदा वाढून राह्यला तं काऊन खुलासा करू? शिवाय काल रात्रीच्या वरणात प्रयोगाचं निम्मं साहित्य गेलं.

भागीरथाबाई भेटली. डोक्यावर मासळीची टोपली घेऊन रोज आसपासच्या गावांत विकत फिरते. संस्थेत सगळ्यात मोठ्यानं बोलणारी सभासदही तीच. पिशवीकडे पाहून म्हणाली, काय नेऊन राह्यला रे? लॅपटॉपचं वजन समजावून सांगितलं. तिनं टोपली उतरवली, म्हणाली, "पाह्य बरं, जरा धर." धरली. लगेच खाली ठेवली. "हे बी रोजचंच हाय," म्हणाली आणि हसली.

मी तिला शांतपणे फरक सांगितला. टोपली विकत गेली की हलकी होते. लॅपटॉपमध्ये माहिती वाढतच जाते. तिच्याजवळ ऐकायला वेळ नव्हता. मासे होते, ते घेऊन गेली.

मान अजून दुखते आहे.

२ मार्च

स्मरणपत्र आलं. ड्रॉवरमध्ये पहिल्या पत्रावर ठेवलं. विषय एकच, जागा एकच. याला म्हणतात सिस्टीम.

दुपारी तलावाच्या पाळीवर जीप. मूलचे गुणवंतराव. वाळूचे ठेके घेतात, तेंदूपत्त्याचे घेतात. पांढरे कपडे घालून तलावाकडे असे बघत उभे, जसे लग्नात काही लोक मांडवाकडे न बघता पंगतीकडे बघतात. मामांनी विचारलं, कसं काय येणं केलं भाऊ? ते म्हणाले, "पाहून राह्यलो. तुमची संस्था चालू हाय का बंद हाय, हेच समजून नाई राह्यलं ऑफिसात. तुमचा कागदच येत नाई म्हणते."

मामा माझ्याकडे बघायला लागले. मी गुणवंतरावांना सांगितलं, आम्ही कागदाच्या पुढे जात आहोत. ते म्हणाले, "जा ना. आमी मांगून येतोच." जीप गेली.

संकल्प, उद्यापासून उत्तराचा मसुदा सुरू. सध्या मनातल्या मनात.

१० मार्च

मुश्ताकभाईंचा पत्रूच्या फोनवर निरोप. आला! वजन एक किलो शंभर. पत्रूला तीनदा विचारलं. तो म्हणाला, एक किलो शंभरच म्हटलं बाप्पा, मी काय मापात पाप करून राह्यलो का?

पैशाची जुळणी होईना, म्हणून मोपेड विकली. विचार करूनच. लॅपटॉप हलका असेल तर वाहनाची गरज काय? मोपेड जड सामानासाठी असते.

रिंकू एवढंच म्हणाली, "माह्या माहेरी जाच्या कामाची होती." आजच्या भाजीत मीठ नव्हतं. विसरली असेल.

१३ मार्च

लॅपटॉप घरी!! ही रोजनिशी आज थरथरत्या हातानं लिहीत आहे (सामानामुळे).

शाळेच्या पाटीएवढा. चंदेरी. बटणांवर इंग्रजी आहे आणि शेजारी जपानी आहे. पडद्यावर फक्त जपानी. मुश्ताकभाईंनी हे आधीच सांगितलं, मालाचं काही लपवत नाहीत. म्हणाले, "आताही इचार करा भाऊ. हा तुमच्या कामाचा नाई." मी विचारलं, वजन तेच आहे ना? मग झालं.

एक गोष्ट आहे. जपानात करंट कमी दाबाचा असतो म्हणे, त्यामुळे सोबत ट्रान्सफॉर्मर लागतो. काळा, लोखंडी, वर कडी, दगडी पाट्यासारखा जड. मुश्ताकभाईंनी बजावलं, "हा संग ठेवाच. सीधा भिंतीत लावसान तं अगरबत्ती होऊन जाईन." ट्रान्सफॉर्मरचं वजन विचारलं नाही. लॅपटॉपच्या वजनात ते धरत नसतात. डोंग्याचं वजन करताना कोणी तलाव धरतं का?

गाडीत लॅपटॉप मांडीवर, ट्रान्सफॉर्मर पायात. कंडक्टरनं विचारलं, पिठाच्या चक्कीचा पार्ट हाय का? लगेज लावू? फाट्यावर उतरून गावापर्यंत चालत आलो. आधी उजव्या हातात, मग डाव्या, मग दोन्ही हातांत पोटाशी धरून. त्या वेळी मोपेड आठवली. असो.

१९ मार्च

रोजची ने-आण सुरू झाली. ऑफिसात प्लग नाही, एकच बल्ब आहे, म्हणून चार्जिंगला घरी आणावा लागतो. घरी आणला की लोडशेडिंग. वीज आमच्याच जिल्ह्यात तयार होते आणि आमच्याच जिल्ह्यातून निघून जाते, शिकलेल्या पोरांसारखी. वीज आली की ट्रान्सफॉर्मर घूं घूं करतो. रिंकू म्हणते, घरात भुंगा पाळल्यासारखं वाटते.

बॅटरी चांगली आहे. लॅपटॉप पूर्ण चालू होईपर्यंत टिकते.

संस्थेचं नाव टाईप केलं. कुठलं तरी बटण दाबलं गेलं आणि तीन झोपड्या व एक शिडी अशी जपानी अक्षरं उमटली. दिसायला फार सुंदर. मामांना दाखवलं. म्हणाले, हे काय लिहिलं हाय? म्हटलं, चिखलबोडी. मामांनी खूप वेळ पाहिलं. मग म्हणाले, "पत्राचं उत्तर अशानंच धाडतं का?"

२ एप्रिल

मराठी अक्षरांची सीडी मुश्ताकभाईंकडे मिळते. पण लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. ती जागा वेगळी विकत घ्यावी लागते, तिची वायर वेगळी, पिशवी वेगळी. रिंकूनं विचारलं, मंग याच्यात हाय तरी काय? मी तिला मूळ तत्त्व समजावलं. जे नाही, त्याचं वजन नाही. म्हणून तर हलका.

ती उठून पाणी भरायला गेली. तत्त्वाचा तिला कंटाळा आहे.

१६ एप्रिल

रजिस्टर पोस्टानं नोटीस. संस्था बंद पडल्याची तक्रार झाली आहे, तलाव दुसऱ्या अर्जदाराला का देऊ नये, यावर १७ मे रोजी सुनावणी. दुसरे अर्जदार म्हणजे गुणवंतराव.

मामा घरी आले. पाणी दिलं तर घेतलं नाही. खाटेवर बसले, नोटीस उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाले, "लोकं म्हणत होते, नात्यातला ठेवू नको. मी म्हटलं, माह्या बहिणीचं पोरगं शिकलं हाय. लेका, तुह्या त्या डबड्यापायी तलाव गेला तं भागीरथानं कुठची मासोळी विकाची? आमी काय गुणवंतरावाच्या जाळ्यावर मजुरीनं जाऊ?"

मी म्हटलं, मामा, मले काय मालूम असं होईन म्हणून.

एवढंच म्हणता आलं. मामा गेले, चप्पल घालायला विसरले आणि ती घ्यायला परत आले, तेव्हाही माझ्याकडे बघितलं नाही.

जेवण गेलं नाही. वरील प्रसंगाचं कारण लॅपटॉप नसून पोस्टखातं आहे. इतकी पत्रं इतक्या लवकर पोचवायची गरज काय होती?

१८ एप्रिल

रिंकूनं ड्रॉवर उघडून पत्रं काढली, जमिनीवर ओळीनं मांडली आणि वाचली. बारावीपर्यंत शिकली आहे, अक्षर गोल आहे. म्हणाली, मी कच्चं लिहून काढतो, तुमी मंग पक्कं टाईप करा. चांगली कल्पना. तशी माझीच, मी बोललो नव्हतो इतकंच.

ती सध्या घरोघर फिरते. कोणत्या साली किती बोटुकली सोडली, कोणत्या साली पाळ फुटली, किती घरं तलावावर जगतात. भागीरथाबाई तिच्यासोबत. मी देखरेख करतो. खाटेवरून सगळं नीट दिसतं.

१० मे

ऊन म्हणजे विचारू नका. लॅपटॉप इतका तापतो की रिंकू म्हणाली, याच्यावर पापड भाजता येईन. मुश्ताकभाईंशी तिची ओळख नाही, तरी दोघांना पापडच कसा सुचतो?

तिचं कच्चं काम पूर्ण झालं. बारा पानं. मराठी अक्षरं अजून आली नाहीत, त्यामुळे टाईप होणार नाही. हरकत नाही. तिची पानं जोडपत्र म्हणून राहतील. मुख्य भर माझ्या प्रेझेंटेशनवर. अंदाजानं बटणं दाबत पहिला पडदा तयार केला, त्यावर संस्थेचं नाव इंग्रजीत. दुसऱ्यावर माझं. तिसरा तयार करताना वीज गेली.

दोन पडदे पुरेत. साहेब लोकांना वेळ नसतो.

१६ मे

उद्याची तयारी. एकच अडचण, ट्रान्सफॉर्मर. सुनावणीला तो पोटाशी धरून गेलो तर माणूस सचिव वाटत नाही, वायरमन वाटतो. आणि मग हलका लॅपटॉप घेतला कशाला? चंद्रपूर जिल्ह्याचं ठिकाण आहे, तिथला करंट सुधारलेला असेल. पाच मिनिटांचं तर काम.

निर्णय झाला, ट्रान्सफॉर्मर घरी. अनुभवी माणूस कमी सामान घेऊन निघतो.

१७ मे, संध्याकाळ

सविस्तर लिहितो, म्हणजे पुढे गैरसमज नको.

गाडीत मामा, भागीरथाबाई, रिंकू आणि सभासदांपैकी दहा-बारा जण. सगळ्यांच्या डोक्याला दुपट्टे. माझ्या खांद्याला फक्त पिशवी. जिना चढताना मामांना धाप लागली, मला नाही. पहिल्यांदाच माझी निवड बरोबर असल्याचं सिद्ध झालं.

साहेबांच्या खोलीत कूलर चालू. गुणवंतराव आधीच येऊन बसलेले, सोबत वकील. वकिलानं सांगितलं की या संस्थेचा एकाही पत्राला जबाब नाही, म्हणजे संस्था कागदावर मेलेली आहे. साहेबांनी विचारलं, सचिव कोण? मी उभा राहिलो. विचारलं, पत्रांना उत्तर का दिलं नाही? मी म्हटलं, सर, उत्तर माझ्याजवळ आहे. आणि पिशवीतून लॅपटॉप काढला. दोन बोटांत धरून. साहेब पुढे झुकले. गुणवंतरावसुद्धा झुकले. तो क्षण कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

बॅटरी संपलेली होती. कूलरचा प्लग काढला आणि माझा लावला.

आधी बारीक चिर्र आवाज आला. मग वास. मग टेबलावर पांढऱ्या धुराची सरळ रेघ, आणि फट् करून खोलीतला पंखा, दिवा सगळं बंद. बाहेरच्या हॉलमधूनही ओरडा आला, म्हणजे तिथलंही गेलं. भागीरथाबाई "मायवं!" म्हणून इतक्या मोठ्यानं किंचाळली की शिपाई पाण्याची बादली घेऊन धावत आला. बादली लॅपटॉपवर ओतू नको हे मी त्याला सांगेपर्यंत उशीर झाला होता.

साहेब उठले. चेहरा लाल. उन्हानंही असेल. खोलीत बसवेना, म्हणून सगळे बाहेर व्हरांड्यात आले. साहेब पायरीवर फाईलनं वारा घेत उभे. म्हणाले, जे सांगायचं ते लवकर सांगा, आणि या माणसाला बोलू देऊ नका. हा माणूस म्हणजे मी.

मामांनी चष्मा शोधला, सापडला नाही. मग रिंकूनं पिशवीतून पानं काढली. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. तिसऱ्यापासून तिनं पानाकडे बघणंच सोडलं. वकील मधे म्हणाला, हे आता लिहिलेलं आहे, तेव्हा उत्तर का नाही दिलं? तेव्हा ती साहेबांना म्हणाली, "साहेब, उत्तर नाई धाडलं ही आमच्या सचिवाची चूक हाय. पण तलावात जाळं सचिव नाई टाकत. थे रोजच पडून राह्यलं. संस्था कुठी बंद हाय?"

सचिव म्हणाली. नवरा म्हणाली नाही. हे तिनं जपलं.

पाठोपाठ भागीरथाबाई सुरू झाली. ती काय काय बोलली ते लिहीत नाही, पण गुणवंतरावांच्या वकिलानं दोन पावलं मागे घेतली. साहेबांनी रिंकूची पानं मागून घेतली, उभ्या उभ्याच वाचली. म्हणाले, तलाव संस्थेकडेच राहील, लेखी आदेश पाठवतो. आणि आधी कोणीतरी फ्यूज बसवा.

मामा व्हरांड्यातच खाली बसले आणि दुपट्ट्यानं तोंड पुसत राहिले. बराच वेळ.

निष्कर्ष: फ्यूज गेला नसता तर सुनावणी खोलीत झाली असती आणि वकिलाचंच चाललं असतं. वातावरणनिर्मिती मी केली. येताना गाडीत हे मांडायला सुरुवात केली होती, पण सगळे झोपलेले होते. रिंकू जागी होती. ती खिडकीबाहेर बघत होती.

२४ मे, चंद्रपूर

लॅपटॉप मुश्ताकभाईंना दाखवला. त्यांनी उघडला, वास घेतला, बंद केला. मला वाटलं आता पापडाचं काहीतरी निघणार. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "राहू द्या भाऊ. होते असं." हसले असते तर बरं झालं असतं.

दुरुस्त होणार नाही. आतला जळका भाग काढून परत दिला. आता आणखी हलका लागतो.

३ जून

तलावाच्या पाळीवर आमसभा. विषय, पुढील सचिव. मी माझं काम थोडक्यात मांडलं. मग मामांनी नाव सुचवलं. नाव ऐकून मला वाटलं, चुकून घरातलं नाव तोंडात आलं. पण भागीरथाबाईनं लगेच अनुमोदन दिलं, म्हणजे आधीच ठरलेलं होतं. रिंकू सभासद आहे. तिच्या नावाचा शेअर मीच हौसेनं घेतला होता.

हात वर करून मत. तिच्या बाजूनं सगळी पाळ हात वर करून बसली. माझ्या बाजूनं एक हात. पत्रूचा. पत्रू सभासदच नाही.

सभेनंतर रिंकूनं विचारलं, तुमाले राग आला का? म्हटलं, छे. सचिवपद बाहेर जाऊ नये हाच तर माझा प्रयत्न होता. ती म्हणाली, मी नाई म्हणत होतो मामाले, खरंच. आणि मग रडायलाच लागली. तिला काय झालं कळेना. मी म्हटलं, अवं, रडतेस कायले? पानं तं तूच लिहिली. एवढं म्हटल्यावर मलाही डोळे पुसावे लागले. धुरामुळे असेल. सुनावणीच्या दिवसाच्या.

२ जुलै

आज तलावाच्या करारनाम्यावर सही करायला नवीन सचिव आणि मामा चंद्रपूरला गेले. फाट्यापर्यंत सोडायला मी. चिखल होता म्हणून रिंकूची कापडी पिशवी मीच धरली होती. पिशवी रिकामीच असावी असं वाटलं, इतकी हलकी. विचारलं, आत काय आहे? म्हणाली, पेन हाय, अन् दोघांच्या भाकरी.

गाडी आली. कंडक्टरनं मला विचारलं, चढून राह्यले का? म्हटलं, नाई. रिंकूनं खिडकीतून सांगितलं की चुलीवर आंबील ठेवली आहे, आणि संध्याकाळच्या गाडीनं येते. मामांनी हात हलवला. बऱ्याच दिवसांनी.

परत येताना ठरवलं की आज ऑफिसात बसून सगळं नव्यानं लावायचं. जुनी पत्रं, नवी पत्रं, सगळं. एखाद्यानं मागे राहून ऑफिस सांभाळायलाच पाहिजे. पत्रूनं दुकानातून विचारलं, कुठी जाऊन राह्यला? म्हटलं, ऑफिसला.

कुलूप होतं. किल्ली सचिवांजवळ असते.

पायरीवर बसलो. संध्याकाळच्या गाडीला अजून वेळ आहे.